भुशाच्या जोडीला कांडी : पूरक पशुखाद्याची निवड आणि वापर

एप्रिल महिना अर्धा उलटला की लखनौ शहराभोवतालच्या गावांत, म्हणजे मोहनलालगंज, गोसाईगंज, काकोरी, बख्शी का तालाब या भागांत, गव्हाची मळणी सुरू होते. धान्य पोत्यांत भरले जाते आणि भुसा कोठीत रचला जातो. त्याच सुमारास बरसीमची शेवटची कापणी उरकते. मग जूनच्या अखेरीस पाऊस पडून चरी, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, हाताशी येईपर्यंत दोन-अडीच महिने जनावरांच्या नांदेत कोरड्या भुशावाचून दुसरे फारसे काही पडत नाही. लू वाहत असते, म्हशी सावलीत धापा टाकत असतात, आणि त्यांच्या बरगड्या हळूहळू मोजता येऊ लागतात. महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र अपरिचित नाही. भुशाच्या जागी कडबा आणि नांदेच्या जागी गव्हाण एवढाच काय तो फरक.

या दिवसांत पशुपालक बाजारातून पोते आणतो. त्या पोत्यात बोटाच्या पेराएवढ्या किंवा त्याहून बारीक दाबीव कांड्या असतात. कोणी त्यांना कांडी म्हणतो, कोणी गोळी पेंड, तर उत्तरेकडे त्यांना नुसते दाणा म्हणतात. पोत्याची किंमत बहुधा घरातील आठवड्याच्या किराण्याहून जास्त असते. हे पैसे योग्य ठिकाणी खर्ची पडतात की नाही, हा प्रश्न लहान पशुपालकाच्या दृष्टीने मुळीच लहान नाही. पुढील पानांत त्याचा विचार केला आहे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट ठरेल. पाश्चात्त्य ग्रंथांत हा विषय मांसासाठी पाळलेल्या गोवंशाच्या संदर्भात येतो. अमेरिकेतील टेक्सास किंवा माँटाना या राज्यांत हजारो एकरांच्या कुरणांवर गाई मोकळ्या चरतात, आणि हिवाळ्यात गवत वाळले म्हणजे मालक मोटारीतून कांड्यांची ओळ जमिनीवर टाकीत जातो. उत्तर प्रदेशात १९५५ च्या कायद्यान्वये गोवधास बंदी आहे. तेथील मांसाचा व्यवसाय म्हशींच्या जातीवर चालतो, आणि तीच म्हैस त्याआधी कित्येक वर्षे दूध देत असते. त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न दुभत्या, भाकड आणि वाढत्या म्हशींचा, तसेच बैलांचा व टोणग्यांचा आहे. जनावराच्या पोटातील व्यवहार मात्र टेक्सासात आणि लखनौत एकच आहे.

भुशात काय आहे आणि काय नाही

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील सर्वांत मोठ्या कप्प्याला कोटीपोट म्हणतात. मोठ्या म्हशीच्या कोटीपोटात शंभर लिटरांच्या आसपास पदार्थ मावतो. तेथे अब्जावधी सूक्ष्म जीव वस्तीला असतात. भुशातील तंतुमय भाग म्हैस स्वतः पचवू शकत नाही. तो हे सूक्ष्म जीव फोडतात, त्यातून निघणाऱ्या आम्लांवर म्हशीचे शरीर चालते, आणि शेवटी पुढील कप्प्यांत हे जीवच पचून म्हशीला प्रथिन पुरवितात. तात्पर्य, म्हशीला खाऊ घालणे म्हणजे प्रथम तिच्या पोटातील या वस्तीला खाऊ घालणे होय.

या वस्तीला वाढीसाठी नत्र लागते. गव्हाच्या भुशात प्रथिनाचे प्रमाण जेमतेम ३ टक्के असते. भाताचा पेंढा व कडबा यांचीही स्थिती फारशी निराळी नाही. चाऱ्यात प्रथिन सुमारे ७ टक्क्यांच्या खाली गेले म्हणजे सूक्ष्म जीवांची उपासमार सुरू होते. त्यांची संख्या घटते, भुसा पोटात अधिक काळ पडून राहतो, पोट भरलेले वाटते आणि जनावर पुढचा घास घेत नाही. म्हणूनच नांद काठोकाठ भरलेली असताही म्हैस रोडावते. मालकाला वाटते की ती खात नाही. वस्तुतः तिला खाता येत नाही.

पूरक खाद्याचे रहस्य येथेच आहे. थोडेसे प्रथिन दिले की सूक्ष्म जीवांची वस्ती वाढते, भुसा लवकर पचतो आणि जनावर पूर्वीपेक्षा अधिक भुसा खाऊ लागते. कांडीतील पोषणाचा लाभ होतोच, शिवाय घरच्या भुशातील दडलेले पोषणही मोकळे होते. मात्र हा परिणाम प्रथिनाचा आहे. प्रथिनाऐवजी केवळ पिठूळ धान्य पुष्कळसे दिले तर उलट घडते. पिठावर वाढणारे जीव प्रबळ होतात, पोटातील आम्लता वाढते आणि भुशाचे पचन मंदावते.

कांडी आणि तिचा इतिहास

कांडी म्हणजे काही नवे अन्न नव्हे. पेंड, गव्हाचा कोंडा, भाताचे पॉलिश, डाळींची चुणी, मका, मळी, मीठ व खनिजे दळून एकत्र करावयाची, वाफेने मऊ करावयाची आणि छिद्रांच्या साच्यातून दाबून काढावयाची, एवढीच तिची कृती. आपल्या आंबोणात जे असते तेच येथे ठरावीक प्रमाणात बांधलेले असते. दाबल्यामुळे दोन लाभ होतात. एक तर जनावराला आवडता भाग निवडून नावडता टाकता येत नाही. दुसरे म्हणजे धूळ होऊन नासाडी होत नाही.

भारतात अशा खाद्याचा सहकारी मार्गाने प्रसार होण्यात गुजरातेतील कंजरी येथील कारखान्याचा मोठा वाटा आहे. खेडा जिल्हा दूध संघाच्या या कारखान्याचे उद्घाटन ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले. त्या भेटीत शास्त्रीजींनी अजरपुरा या खेड्यात एक रात्र मुक्काम करून शेतकऱ्यांशी बोलणी केली, आणि त्यातूनच पुढील वर्षी राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची स्थापना झाली. दुधाच्या सहकाराचा जन्म पशुखाद्याच्या कारखान्याच्या दारात पुढे सरकला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कारण दूध आणि खाद्य ही एकाच हिशेबाची दोन पाने होत. लखनौमध्ये तर दूध उत्पादकांचा सहकारी संघ त्याहून जुना, १९३८ सालचा आहे, आणि उत्तर प्रदेशाच्या प्रादेशिक महासंघाची स्थापना १९६२ साली झाली.

पोत्यावरील आकडे

कांडी निवडताना तिचा रंग किंवा विक्रेत्याची वाणी यांवर विसंबू नये. पोत्यावर शिवलेली चिठ्ठी वाचावी. भारतीय मानक संस्थेच्या मानकानुसार गुरांच्या मिश्रखाद्याच्या पहिल्या प्रकारात किमान २२ टक्के, तर दुसऱ्या प्रकारात किमान २० टक्के प्रथिन असावे लागते. ओलावा ११ टक्क्यांहून अधिक चालत नाही. यांखेरीज स्निग्धांश, तंतू आणि आम्लात न विरघळणारी राख यांचे आकडे दिलेले असतात. या राखेचा आकडा विशेष ध्यानात घ्यावा, कारण तो बहुतांशी माती व वाळू यांचा द्योतक असतो. तंतूचा आकडा जास्त असेल तर कांडीत तूस किंवा शेंगांची टरफले भरली आहेत असे समजावे. ज्याच्या घरी भुसा आहे त्याने पुन्हा पैसे देऊन भुसाच विकत घ्यावा, यात शहाणपण नाही.

प्रथिनाचा आकडा वाचताना आणखी एक सावधगिरी हवी. प्रयोगशाळेत प्रथिन थेट मोजले जात नाही. नत्र मोजून त्याला ६.२५ ने गुणले जाते. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे कागदावर १०० किलो युरिया २८७ किलो प्रथिनाच्या बरोबरीचा ठरतो. एखाद्या कांडीत १ टक्का युरिया असेल, तर चिठ्ठीवरील २० टक्क्यांपैकी जवळजवळ ३ टक्के प्रथिन युरियाचे असते. मोठ्या जनावराच्या कोटीपोटातील सूक्ष्म जीव त्याचा उपयोग करून घेतात, मात्र लहान वासराला त्यापासून काहीच लाभ नाही. म्हणून चिठ्ठीवर युरियाचा उल्लेख आहे की नाही हे प्रथम पाहावे.

घरच्या घरी करता येण्याजोग्या काही साध्या परीक्षाही आहेत. मूठभर कांड्या पेल्यातील पाण्यात टाकून ढवळाव्यात. विरघळल्यावर तळाशी वाळूचा थर बसतो तो दिसतो. पोते उघडताच तळाशी भुकटी किती साचली आहे ते पाहावे. वास घ्यावा. ताज्या खाद्याला पेंडीचा व मळीचा गोडसर वास येतो. कुबट किंवा खवट वास आल्यास ते पोते परत करावे.

ब्रिटनमधील एक अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. तेथे गुरांच्या खुराकात स्वस्त प्रथिन म्हणून मृत जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी मिसळली जात असे. १९८६ साली मेंदू पोखरणारा एक नवा रोग गुरांत ओळखला गेला, आणि त्याचा संबंध या भुकटीशी असल्याचे दिसून आल्यावर १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांना ती घालण्यास मनाई करण्यात आली. तोवर फार उशीर झाला होता. एकट्या ब्रिटनमध्ये १,८०,००० हून अधिक गुरांना रोग जडल्याचे निश्चित झाले, आणि पुढे तो माणसांपर्यंतही पोहोचला. गवत खाणाऱ्या प्राण्याच्या गव्हाणीत काय पडते हे मालकाला ठाऊक असलेच पाहिजे, हा त्या शोकांतिकेचा धडा होय.

किती घालावे : एक हिशेब

समजा, ४५० किलो वजनाची एक भाकड म्हैस आहे आणि ती दिवसाला ९ किलो कोरडा आहार घेते. तिच्या आहारात ७ टक्के प्रथिन राहावे असे वाटत असेल तर दिवसाला ६३० ग्रॅम प्रथिन हवे. नुसत्या भुशातून (३ टक्के) २७० ग्रॅम मिळते. तूट ३६० ग्रॅमची. ओलाव्याचा बारीक हिशेब येथे सोडून दिला आहे.

आता ही तूट निरनिराळ्या वाटांनी भरून पाहू. १ किलो भुसा कमी करून त्या जागी २० टक्क्यांची १ किलो कांडी घातली, तर प्रथिनात १७० ग्रॅमची भर पडते. म्हणजे सुमारे २ किलो १०० ग्रॅम कांडी लागेल. मोहरीच्या पेंडीत सुमारे ३५ टक्के प्रथिन असते. तिच्या १ किलोने ३२० ग्रॅमची भर पडते, म्हणून १ किलो १०० ग्रॅम पेंड पुरेल. मक्यात ९ टक्केच प्रथिन आहे. तूट मक्याने भरावयाची तर ६ किलो मका लागेल. एवढा मका पोटात गेला तर म्हैस आम्लतेने आजारी पडेल. म्हणजे तो मार्ग खुंटलेलाच आहे. हिरवा बरसीम मिळत असेल तर सुमारे १७ किलो बरसीम ही सर्व तूट एकटाच भरून काढतो. हिवाळ्यात ज्याच्या शेतात बरसीम उभा आहे त्याने भाकड म्हशीसाठी कांडीचे पोते आणण्याचे काहीच कारण नाही.

किमतीचा विचारही असाच करावा. उदाहरणादाखल कांडी २४ रुपये किलो, मोहरीची पेंड ३० रुपये किलो आणि भुसा १० रुपये किलो असे भाव धरू. पोत्याच्या किमतीकडे पाहिले तर पेंड महाग दिसते. परंतु १ किलो प्रथिनासाठी कांडीला १२० रुपये पडतात, तर पेंडीला सुमारे ८६ रुपये. म्हशीची रोजची तूट भरण्यास कांडीचे ५० रुपये होतात आणि पेंडीचे ३३. अर्थात कांडी घातल्याने २ किलो १०० ग्रॅम भुसा वाचतो, पेंड घातल्याने १ किलो १०० ग्रॅम. वाचलेल्या भुशाची किंमत वजा केली तर उरलेला खर्च अनुक्रमे २९ व २२ रुपये होतो. पेंडीबरोबर खनिज मिश्रण व मीठ निराळे द्यावे लागते, हेही विसरता कामा नये. एकूण फरक मग फार मोठा राहत नाही. वाचकाने आपल्या बाजारातील भाव घालून हाच हिशेब स्वतः करून पाहावा. प्रत्येक हंगामात उत्तर बदलेल, पण रीत बदलणार नाही.

या हिशेबातून निवडीचा एक साधा नियम निघतो. भुसा भरपूर आहे आणि जनावर भाकड आहे, अशा वेळी थोडीशी पण प्रथिनाने समृद्ध पेंड किंवा कांडी पुरे. भुसाच अपुरा असेल, किंवा जनावर दुधात, गाभण अथवा वाढीला असेल, तर प्रथिनाबरोबर ऊर्जाही हवी. तेथे २० टक्क्यांची मिश्र कांडी अधिक उपयोगी पडते. दुभत्या म्हशीला शरीरपोषणासाठी १ ते १.५ किलो आणि त्यावर दर २ लिटर दुधामागे १ किलो, असा ठोकताळा प्रचारात आहे. गाभण म्हशीला शेवटचे दोन महिने १ ते १.५ किलो अधिक द्यावे. त्या काळात पोटातील रेडकू झपाट्याने वाढते, आणि म्हैस जी चरबी साठवते ती पुढील वेतात दुधाच्या रूपाने परत मिळते.

घालण्याची रीत

नवे खाद्य एकाएकी पूर्ण प्रमाणात सुरू करू नये. पहिल्या दिवशी पावशेर-अर्धा किलो घालून दहा ते चौदा दिवसांत ठरलेल्या प्रमाणापर्यंत यावे. कोटीपोटातील जीवांच्या वस्तीला नव्या अन्नाशी जुळवून घेण्यास एवढा अवधी लागतो. दिवसाचे खाद्य एका वेळी न घालता सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावे.

अवधात भुसा भिजवून त्यात पेंड व कोंडा कालविण्याची चाल आहे. या कालवणाला सानी म्हणतात. ही चाल चांगली आहे, कारण धूळ बसते आणि जनावर भुसा आवडीने खाते. कांडीही सानीत मिसळता येते. मात्र उन्हाळ्यात भिजलेले खाद्य काही तासांत आंबते. म्हणून लागेल तेवढेच कालवावे आणि उरलेले काढून नांद धुवावी. भिजविल्यावाचून कांडी पचत नाही हा समज निराधार आहे. कोरडी कांडी घातल्यास जवळ भरपूर स्वच्छ पाणी असणे मात्र अगत्याचे आहे.

अनेक जनावरे एकत्र खात असतील तर दांडगी म्हैस दुबळीचा वाटा खाते. अमेरिकेतील गुराखी कांड्यांचा एकच ढीग न घालता लांब ओळ टाकतात, त्यामागे हाच विचार आहे. आपल्याकडे जनावरे दावणीला असल्याने प्रत्येकीची नांद वेगळी ठेवणे सोपे आहे. त्या कुरणांवर आणखी एक गोष्ट दिसून आली आहे. पेंडीसारख्या नैसर्गिक प्रथिनाचे पूरक खाद्य भाकड गाईंना रोज न देता आठवड्याचे प्रमाण तीन दिवसांत विभागून दिले तरी फारसे नुकसान होत नाही, कारण शरीरातील नत्राचा काही भाग लाळेवाटे पुन्हा कोटीपोटात येतो. मजुरीला जाणाऱ्या कुटुंबाला ही सवड उपयोगी पडू शकते. परंतु युरिया असलेल्या किंवा धान्याचे प्रमाण अधिक असलेल्या कांडीला हा नियम कदापि लावू नये.

प्रमाण बरोबर आहे की नाही हे जनावराचे अंगच सांगते. दर पंधरा दिवसांनी पाठीचा कणा, माकडहाड आणि बरगड्या यांवरून हात फिरवावा. हाडे टोचू लागली तर खाद्य वाढवावे. जनावर पार खंगल्यावर त्याला सावरण्यास जेवढा खर्च येतो, त्याच्या काही हिश्शात ते आधी राखता येते.

युरिया : उपयोग आणि धोका

युरियाने गरीब पशुपालकाचे भलेही केले आहे आणि जनावरे मारलीही आहेत. म्हणून त्याचा स्वतंत्र विचार करणे अवश्य आहे.

ऐंशीच्या दशकात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने आणंद येथे युरिया, मळी व खनिजे यांची चाटण-वीट तयार केली. तिच्या एका प्रचलित सूत्रात मळी ४५, युरिया १५, खनिज मिश्रण १५, सरकीची पेंड १०, मीठ ८, चुनखडीची भुकटी ४ आणि बेंटोनाइट माती ३ टक्के होती. वीट घट्ट असल्यामुळे जनावर ती चाटूच शकते, चावून खाऊ शकत नाही. दिवसाकाठी सुमारे ५०० ग्रॅम वीट चाटली गेली तर ७५ ग्रॅम युरिया पोटात जातो, आणि तोही दिवसभरात थोडाथोडा. ज्या राज्यात उसाचे कारखाने आहेत आणि मळी मुबलक आहे, तेथे ही कल्पना विशेष सोयीची आहे.

दुसरा मार्ग भुशावर प्रक्रिया करण्याचा. १०० किलो भुशावर ४ किलो युरिया ४० ते ५० लिटर पाण्यात विरघळवून सारखा शिंपडावा, तुडवून दाबावा आणि प्लॅस्टिकच्या कापडाखाली हवाबंद करून तीन आठवडे ठेवावा. भुसा मऊ होतो व त्यातील प्रथिन दुपटीहून अधिक वाढते. नांदेत घालण्यापूर्वी तासभर उघडा ठेवून अमोनियाचा उग्र वास जाऊ द्यावा.

धोका होतो तो घाईने. कोटीपोटात युरियाचा अमोनिया होतो. तो सूक्ष्म जीवांना वापरता येण्यापूर्वीच फार प्रमाणात निर्माण झाला तर रक्तात उतरतो. जनावराच्या दर किलो वजनामागे ०.३ ते ०.५ ग्रॅम युरिया एकदम पोटात गेल्यास ते प्राणघातक ठरू शकते. ४५० किलोच्या म्हशीला १३५ ग्रॅमसुद्धा, म्हणजे दोन मुठींहून फार नाही एवढा युरिया. उपाशी जनावराने पावसात भिजून मऊ झालेली वीट फोडून खाल्ली, किंवा शेतासाठी आणलेले खताचे पोते फाडले, म्हणजे असे प्रसंग ओढवतात. अर्ध्या-एक तासात जनावर अस्वस्थ होते, तोंडाला फेस येतो, अंग थरथरते, पोट फुगते. पशुवैद्य येईपर्यंत २ ते ६ लिटर व्हिनेगर भरपूर थंड पाण्यातून सावकाश पाजणे हा परिचित प्रथमोपचार आहे, कारण आम्लामुळे अमोनियाचे शोषण थांबते. जनावर गिळू शकत नसेल तर मात्र जबरदस्तीने पाजू नये.

यावरून काही निर्बंध आपोआप निघतात. सहा महिन्यांखालील वासराला युरिया देऊ नये. उपाशी, आजारी किंवा ज्याला पुरेसा चारा मिळत नाही अशा जनावरास देऊ नये. पाण्यात विरघळवून पाजू नये. युरियाबरोबर कच्चे सोयाबीन घालू नये, कारण त्यातील द्रव्याने युरियाचा अमोनिया झपाट्याने होतो. शिवाय, काही देशांत गुरांच्या कांडीत मोनेन्सिन नावाचे औषध मिसळतात. ते गुरांना सोसते, पण घोड्याला त्याची अल्प मात्राही मारक ठरते. ज्या अंगणात म्हशीशेजारी टांग्याचा घोडा बांधला जातो, तेथे गुरांचे खाद्य त्याच्या तोंडी लागू न देणेच श्रेयस्कर.

साठवण

लखनौच्या जुलै-ऑगस्टमधील हवा आणि कोकणातील पावसाळा या दोहोंत कांडीचा शत्रू एकच, तो म्हणजे ओल. ओल लागलेल्या पेंडीवर व मक्यावर जी बुरशी येते तिच्यापैकी काही जाती अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करतात. गुरांच्या खाद्यात या विषाचा ब१ हा प्रकार दर अब्ज भागांत २० भागांहून अधिक असू नये असा निर्बंध आहे. ते यकृत बिघडवते, आणि त्याचा काही अंश दुधातून घरातील मुलांच्या पेल्यापर्यंत येतो. उकळल्याने तो नाहीसा होत नाही.

पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत. जे आधी आणले ते आधी वापरावे. पावसाळ्यात एका महिन्याला पुरेल त्याहून अधिक साठा करू नये. बुरशी आलेला भाग काढून उरलेला घालणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे, कारण विष डोळ्यांना दिसत नाही.

रेडकाचा प्रश्न

शेवटी ज्या जनावराकडे सर्वांत कमी लक्ष जाते त्याच्याकडे वळू. म्हशीला नर रेडकू झाले की बहुतेक गोठ्यांत त्याचे दूध तोडले जाते. शेतीत टोणग्याचे काम उरलेले नाही, आणि जे दूध त्याने प्यावयाचे ते विकता येते. शहराच्या कडेच्या गोठ्यांत कित्येक रेडके पहिल्या काही महिन्यांतच दगावतात. पुढे त्याच्याच कातड्यात पेंढा भरून ते म्हशीसमोर ठेवतात व तिला पान्हा सोडावयास लावतात. उत्तरेत या बाहुल्याला खलबच्चा म्हणतात. हा व्यवहार पाहून मन खिन्न होते, पण गोठेवाल्याच्या मनात क्रूरता असते असे नाही. त्याचा हिशेब त्याला तेथवर नेतो.

हा हिशेब बदलता येतो का, हाच खरा प्रश्न आहे. नर रेडके वाचवून मांसासाठी वाढविण्याची एक योजना केंद्र शासनाने अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (२००७ ते २०१२) हाती घेतली होती. तिच्यामागील शास्त्र सोपे आहे. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत रेडकाला त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक मिळाला पाहिजे; रोगप्रतिकाराची शिदोरी त्यातूनच मिळते. दुसऱ्या आठवड्यापासून त्याच्यासमोर मूठभर बारीक, युरियाविरहित वासरू-खाद्य आणि कोवळा चारा ठेवावा. हे अन्न चघळण्यानेच त्याचे कोटीपोट वाढीला लागते आणि दूध लवकर कमी करता येते. तीन महिन्यांनंतर तो भुसा, थोडा बरसीम आणि कांडी यांवर उभा राहू शकतो.

१५० किलोच्या टोणग्याला अडीच किलो भुसा, दीड किलो कांडी आणि पाच किलो बरसीम दिला, तर त्याच्या आहारातील प्रथिन सुमारे १० टक्क्यांपर्यंत येते. तेच पोट नुसत्या भुशाने भरले तर ३ टक्के. नीट पोसलेला टोणगा दिवसाला अर्धा किलोच्या आसपास वाढू शकतो, तर भुशावरचा टोणगा वजन घटवीत जातो. पहिल्याला बाजारात किंमत येते. दुसऱ्याला ठेवून घेणेही परवडत नाही.

सारांश असा की कांडीने भुशाची जागा घ्यावयाची नसून भुशाला पचनयोग्य करावयाचे असते. घरच्या चाऱ्यात काय उणे आहे ते आधी पाहावे, मग चिठ्ठी वाचून व प्रथिनाची किंमत काढून खाद्य निवडावे, हळूहळू सुरू करावे, कोरडे साठवावे, आणि युरियाला विषाचा मान द्यावा. एवढे केले तर मे महिन्यातील एका पोत्याने म्हशीचे पुढील वेत राखले जाते. आणि त्याच पोत्यातील कांडी, रेडकू तीन महिन्यांचे झाले की, त्याच्या नांदेतही थोडी पडावी. युरिया नसलेले पोते निवडण्याचे हे आणखी एक कारण.